चौथ्या सीटवरचा माणूस

विरार स्थानकाच्या जिन्याखाली, नालासोपाऱ्याच्या रिक्षा थांब्यापाशी, वसईत एसटी आगाराच्या भिंतीला अधूनमधून एक फ्लेक्स टांगलेला दिसतो. वाढदिवसांच्या आणि भावी नगरसेवकांच्या गर्दीत तो चटकन नजरेत भरत नाही. केस गेलेले डोके, त्यावर लोकरीची टोपी, तोंडाला मास्क आणि मास्कच्या वरून आपल्याकडे बघणारे दोन डोळे. खाली मजकूर : ‘ब्लड कॅन्सर. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी तातडीने मदत हवी.’ मग रक्कम, बँकेचा खाते क्रमांक, वडिलांचा मोबाइल, क्यूआर कोड. सकाळच्या फास्टसाठी धावणारा माणूसही क्षणभर थांबतो आणि शे-दोनशे रुपये टाकून पुढे पळतो. आम्हीही टाकले आहेत. तीन आठवड्यांनी तो फ्लेक्स उतरतो, त्याच दोऱ्यांना दुसरा बांधला जातो आणि त्या पोराचे पुढे काय झाले हे विचारायचे राहून जाते.

वसई-विरारची माणसे पैशाला मागे सरत नाहीत. पुरात, आगीत, अपघातात हे या गावांनी दाखवले आहे. आपण कमी पडतो ते भलत्याच ठिकाणी, आणि त्या ठिकाणाचा फ्लेक्सवर उल्लेखच नसतो. ‘मॅच मिळालेला नाही’ ही ओळ कोणी छापत नाही. छापली तरी वाचणाऱ्याला तिचे काय करायचे ते कळणार नाही.

अशा प्रत्येक घरात एक काका किंवा मामा असतो. तो म्हणतो, ‘इकडे काही खरे नाही, बाहेर न्या.’ त्याचेही चुकत नाही. २०१८ मध्ये ऋषी कपूर न्यूयॉर्कला गेले, जवळपास वर्षभर राहून परतले, हे त्याने टीव्हीवर पाहिलेले असते. शिवाय आपल्या तालुक्यात ‘बाहेर’ हा शब्द कुणाला परका नाही. पापडी, गास, गिरीज, निर्मळ कुठेही जा, घरटी कुणीतरी कुवेतला, दुबईला नाहीतर कॅनडाला आहे. चुलतभाऊ तिकीट काढून देईल, नातलग महिनाभर ठेवून घेतील, आणि अगदीच वेळ आली तर वाडीतले दोन गुंठे काढता येतील. केळीची, फुलांची, पिढ्यानपिढ्या राखलेली वाडी पोरासाठी विकायला इथला बाप क्षणभरही थांबणार नाही. तिकीट होईल, व्हिसा होईल, डॉलरही जमतील. एवढे सगळे जमवून जिथे पोहोचायचे, तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो मात्र वसईतच विचारता आला असता : दाता कोण?

मटणाची नळी चोखणाऱ्याला मज्जा म्हणजे काय ते सांगायला नको. हाडाच्या पोकळीतला तो मऊ गर जन्मभर रक्त तयार करत असतो. ल्युकेमियात तो बिघडलेल्या पेशी बनवू लागतो, अप्लास्टिक अ‍ॅनिमियात जवळजवळ काहीच बनवत नाही आणि थॅलेसेमियात बनवतो ते रक्त टिकत नाही. प्रत्यारोपणात आधी तीव्र केमो देऊन, कधी किरण देऊन, रुग्णाची मज्जा रिकामी करतात आणि मग दात्याच्या मूळपेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. बघणाऱ्याला वाटते, रक्ताची पिशवीच लावली आहे. त्या पेशी आपली वाट शोधत हाडापर्यंत जातात, तिथे रुजतात आणि दोन-तीन आठवड्यांत रक्तपेशींचे काउंट वर यायला लागतात. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर हळूहळू रुग्णाचा रक्तगटही बदलतो. ए पॉझिटिव्ह म्हणून जन्मलेला मुलगा ओ पॉझिटिव्ह म्हणून मोठा होतो.

म्हणजे रक्तगट जुळला नाही तरी चालते. जुळावे लागते ते एचएलए : शरीरातल्या बहुतेक पेशींवर असलेली, आपले कोण आणि परके कोण हे शरीराला सांगणारी खूण. रक्तगटांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजता येतात, या खुणांचे प्रकार हजारोंनी आहेत. अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणून सख्खा भाऊ किंवा बहीण पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पूर्वी घरात पाच-सहा भावंडे असत, त्यात एखादे निघायचे. आज वसई पूर्वेच्या किंवा विरार पश्चिमेच्या टू-बीएचकेमध्ये एकच मूल असते आणि पुष्कळदा त्या एकाच मुलाला आजार झालेला असतो. जुळायला घरात दुसरे कोणी नसते. आता आई-वडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते आणि त्याचे निकाल पूर्वीपेक्षा खूप सुधारले आहेत. या अर्ध्या जुळणीने अनेक घरांना आशा दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात खर्च जास्त आणि जंतुसंसर्गाची धास्तीही मोठी. पूर्ण जुळणारा दाता मिळाला तर पुष्कळ डॉक्टर आधी त्याच्याकडे वळतात.

मज्जेसाठी परदेशी जाण्याची गोष्ट मज्जा प्रत्यारोपणाइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियात विंचा येथील अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा तरुणांना किरणोत्साराची मात्रा बसली. त्यांना विमानाने पॅरिसला नेले. तिथे जॉर्ज माते या डॉक्टरांनी त्यातल्या पाच जणांना अनोळखी फ्रेंच नागरिकांची मज्जा दिली. एक दगावला, बाकीचे घरी परतले. त्या वेळी एचएलएचे ज्ञान बाल्यावस्थेत होते, जुळणी हा शब्दही रूढ नव्हता. पुढे ती किती कठीण गोष्ट आहे हे कळले ते एका आईमुळे. शर्ली नोलन ऑस्ट्रेलियातून आपल्या अँथनी या मुलाला घेऊन लंडनला आली. मुलाला जन्मतः प्रतिकारशक्तीचा दुर्धर आजार होता. रुग्णालय उत्तम, डॉक्टर त्या काळातले जगातले पहिल्या फळीचे. मॅच मात्र मिळाला नाही. तेव्हा १९७४ मध्ये तिने रुग्णालयातच दात्यांची नोंदवही उघडली. अँथनी १९७९ मध्ये गेला, सात वर्षांचा होता. त्याच्या नावाची ती नोंदवही आजही चालू आहे आणि जगातल्या अशा सगळ्या नोंदवह्यांची ती थोरली बहीण. अर्धे जग ओलांडून गेलेल्या त्या बाईला तिथे जाऊन कळले ते आपण इथे बसून समजून घ्यायला काय हरकत आहे?

उपचार परदेशात चांगले आणि इथे जेमतेम, ही समजूत तर आणखी जुनी आणि आणखी चुकीची. भारतातले पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण झाले ते परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, २० मार्च १९८३ रोजी. रुग्ण ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ आणि डॉक्टर सुरेश अडवाणी. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे स्वतः व्हीलचेअरवर असलेला हा माणूस अमेरिकेत सिएटलला जाऊन, पुढे १९९० मध्ये ज्यांना नोबेल मिळाले त्या डोनल थॉमस यांच्याकडे ही विद्या शिकून आला. परदेशी जाण्याचा खरा उपयोग असा असतो. आज टाटाचे प्रत्यारोपण केंद्र खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. लहान मुलांसाठी मुंबई महापालिकेचे थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपण केंद्र बोरिवली पूर्वेला आहे, विरारहून लोकलने पाऊण तासाच्या आत. इराकमधून, ओमानमधून, केनियातून, बांगलादेशातून लोक यासाठी भारतात येतात. विमानतळावर उतरणाऱ्या या कुटुंबांकडे जरा लक्ष देऊन पाहा. आजारी मुलाबरोबर बहुतेक वेळा एक ठणठणीत भाऊ किंवा बहीण असते. त्यांनी आपला दाता बरोबर आणलेला असतो. ज्यांच्याकडे तो नसतो त्यांनी यायचे कशासाठी?

आता हिशेब मांडू. जगभरच्या नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक संभाव्य दाते आहेत. साडेआठ कोटी लोकवस्तीच्या जर्मनीत त्यातले सुमारे एक कोटी. एकशेचाळीस कोटींच्या भारतात काही लाख, तेही दात्री, डीकेएमएस अशा स्वयंसेवी संस्थांनी एकेक शिबिर घेऊन जमवलेले. जगभराची यादी संगणकावर एका वेळी धुंडाळता येते, मग जर्मनीचे एक कोटी आपल्याला का पुरत नाहीत? कारण या खुणा वंशाबरोबर, वस्तीबरोबर, सोयरिकीबरोबर चालत येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीचेच आकडे बघा : गोऱ्या रुग्णाला तिथे पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के, काळ्या रुग्णाला सुमारे २९. देश तोच, रुग्णालय तेच, विमाही कदाचित तोच. फरक पडतो तो यादीत आपली माणसे किती आहेत याचा. २००७ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या भारतीय वंशाच्या एका तरुण उद्योजकाला ल्युकेमिया झाला. पैसा, संपर्क, तंत्रज्ञान, त्याच्याकडे सगळे होते. यादीत भारतीय नव्हते. त्याच्या मित्रांनी अकरा आठवड्यांत चोवीस हजारांहून अधिक दक्षिण आशियाई लोकांची नोंदणी केली, तेव्हा कुठे मॅच मिळाला. प्रत्यारोपणही झाले, पण तो पुढच्या वर्षी गेला. त्या चोवीस हजारांची नावे मात्र यादीत आली आणि पुढे इतरांच्या उपयोगी पडली.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. १९५२ मध्ये डॉक्टर भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो रक्तगट शोधला, त्याला जग बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखते. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा, आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा. त्या गटाच्या रुग्णाला लंडनला नेऊन उपयोग नाही, रक्त इथूनच पाठवावे लागेल. त्या गटाचे रक्तदाते एकमेकांचे फोन नंबर बाळगतात, रात्री-अपरात्री निघतात. मज्जेच्या बाबतीत आपण प्रत्येकजण थोडाफार बॉम्बे ब्लड ग्रुपचा आहे, एवढेच.

आणि वसईचा माणूस तर जास्तच. चारशे-पाचशे वर्षे इथल्या सोयरिकी गावकुसाच्या आत झाल्या. कुपारी, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी, माळी, सामवेदी ब्राह्मण, डोंगराकडे वारली आणि काथोडी. प्रत्येकाची बोली वेगळी, लुगडे नेसायची तऱ्हा वेगळी आणि लग्न जमवताना पाहायची घरे ठरलेली. त्याचा एक परिणाम असा की, या प्रत्येक समाजाच्या खुणांचा साठा मर्यादित आणि आपला आपला. फ्रँकफर्टच्या यादीत तो सापडण्याची आशा फारच थोडी, शेजारच्या आळीत सापडण्याची पुष्कळ. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि एकाच भावकीतली काही घरे ख्रिस्ती झाली, काही हिंदू राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तोवर देऊळ-चर्चच्या वाटा पक्क्या वेगळ्या झाल्या होत्या. पेशीला यातले काही ठाऊक नाही. नंदाखालच्या ख्रिस्ती वाडवळ मुलीचा मॅच आगाशीच्या एखाद्या हिंदू वाडवळाच्या घरात निघू शकतो, आणि आम्हाला हे पाहायला आवडेल, अनेक कारणांसाठी. टोरांटोत वाढलेल्या कुपारी पोराला उद्या मज्जा लागली तर तिथल्या डॉक्टरांनाही शोधत यावे लागेल ते इकडेच.

नालासोपाऱ्याची गोष्ट उलटी आणि तितकीच मोलाची. तिथे रत्नागिरी-सिंधुदुर्गचा चाकरमानी आहे, जौनपूरचा दूधवाला आहे, राजस्थानचा किराणावाला, सौराष्ट्राचा हिरे घासणारा, आंध्रचा गवंडी. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांच्या पुढे गेलेली वसई-विरार महापालिका आज त्याच्या कितीतरी पुढे आहे. एवढ्या वस्तीतल्या तरुणांची नोंदणी झाली तर ती एका शहराची यादी राहणार नाही, निम्म्या भारताची होईल. विरार लोकलच्या तीन माणसांच्या बाकावर चौथा अंग चोरून टेकतो. त्याच्याकडे कधी वळून पाहिले आहे का? तुमच्या मुलाला जुळणाऱ्या खुणा कदाचित त्याच्या अंगात असतील. दोन स्टेशनांनंतर तो उतरून जातो आणि त्याला हे कधी कळतही नाही, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते.

विचारले तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. नोंदणीला सुईसुद्धा लागत नाही. गालाच्या आत कापसाची काडी फिरवायची, एक फॉर्म भरायचा, की झाले. पुढे कधी कुणाशी जुळले, आणि बहुतेकांचे आयुष्यभर जुळत नाही, तर पाच दिवस एक इंजेक्शन. त्याने मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. अंग दुखते, कणकण येते. मग प्लेटलेट देताना असते तसल्या यंत्राला तीन-चार तास हात जोडून पडून राहायचे. एका हातातून रक्त जाते, पेशी वेगळ्या होतात, उरलेले परत येते. हाडातून मज्जा काढण्याची वेळ आता थोड्यांवरच येते, आणि तीही भूल देऊन कमरेच्या हाडातून. पाठीच्या कण्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण ‘कण्यातून सुई घालतात, पोरगा अधू होतो’ हे वाक्य या तालुक्यात आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते कुठल्या तरी पाठ्यपुस्तकात असावे अशी शंका येते.

आमच्या माहितीतल्या एका घरची गोष्ट. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, कॉलेजात असताना शिबिरात काडी देऊन आलेला आणि विसरून गेलेला. चार वर्षांनी फोन आला, ‘तुमचा मॅच लागला आहे.’ मुलगा तयार झाला. रजाही मंजूर झाली. रविवारी आत्या आली. तिने जेवता जेवता विचारले, ‘ह्याचे लग्न व्हायचे आहे ना अजून?’ बस, एवढेच. आईने ताट सारले. दुसऱ्या दिवशी मुलाने फोन उचलणे बंद केले. पलीकडचा रुग्ण कोण होता ते या घराला कधीच कळणार नाही. नियमच तसा असतो, नावे आधी सांगत नाहीत. त्या आत्याला आम्ही ओळखतो. ती वाईट बाई नाही, दर वर्षी गावजेवणाला तिचा मोठा वाटा असतो. तिला कोणी नीट सांगितले नव्हते. सांगणे काडी घेतानाच व्हायला हवे होते, आणि फक्त मुलाला सांगून भागणार नव्हते, घरी जाऊन सांगायला हवे होते. कारण वेळ याहून वाईट असू शकते. रुग्णाची मज्जा केमोने रिकामी केल्यावर दाता मागे फिरला तर तो रुग्ण वाचणे कठीण. म्हणून नको असेल तर नोंदणीच करू नका. होकार दिलात की तो पाळायचा असतो.

समजा दाता मिळाला, प्रत्यारोपण झाले, तेही परळ-खारघर-बोरिवलीत, नाहीतर काटपाडीला उतरून वेल्लोरला. मग सुरू होतात ते शंभर दिवस. डॉक्टर म्हणतात, ‘शंभर दिवस जवळ राहा.’ नवी मज्जा तान्ह्या बाळासारखी असते, साधा सर्दी-तापही तिला झेपत नाही. ताप आला की तासाभरात रुग्णालय गाठायचे. आता हे वसई-विरारमध्ये राहून करून दाखवा. लोकलने नेता येणार नाही, त्या गर्दीत धडधाकट माणूस आजारी पडतो. महामार्गाने निघालात तर वर्सोवा पुलापासून घोडबंदरच्या फाट्यापर्यंत ट्रकांच्या रांगेत अडकाल, आणि आत शंभर अंश ताप असलेले मूल. घरी राहायचे तर पाणी टँकरचे. ते कुठल्या विहिरीतून, कुठल्या बोअरमधून भरले हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसते. वीस मिनिटे उकळून प्यायला द्या असे पत्रकावर छापलेले असते, पण अंघोळीचे काय, भांडी धुण्याचे काय? जुलैत नालासोपाऱ्यात तळमजल्यापर्यंत गटार येते. आणि धूळ! बांधकामाच्या धुळीतल्या बुरशीचे कण अशा रुग्णाच्या फुप्फुसात गेले तर जिवावर बेततात, हे प्रत्यारोपणाच्या प्रत्येक केंद्रात पहिल्या दिवशी सांगतात. आमच्या शहरात बांधकामाला परवानगी नसली तरी धूळ असतेच.

मग लोक काय करतात? ज्यांना परवडते ते परळला खोली भाड्याने घेतात. बाकीचे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत नंबर लावतात. नाहीच मिळाले तर काय, ते टाटासमोरच्या फुटपाथवर रोज दिसते. आई मुलाबरोबर तिकडे, बाप नोकरीसाठी इकडे, धाकटी मुलगी आजीकडे. शंभर दिवसांचे सहा महिने होतात. नोकरी राहिली तर नशीब. अमेरिकेला जायची भाषा करणाऱ्या घरांना आम्ही हे ऐकवतो, कारण विरारहून परळ हाच आपल्यापैकी पुष्कळांसाठी परदेश आहे. तिथले भाडे तिथल्या भावाने, तिथली माणसे अनोळखी, आणि घरी परतायची तारीख कुणालाच माहीत नाही.

पैशाची वाट तरी सरळ असावी. थॅलेसेमियाच्या मुलासाठी, सख्खे भावंड जुळत असेल तर, कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना २०१७ पासून दहा लाखांपर्यंत मदत देते. पंतप्रधानांचा आणि मुख्यमंत्र्यांचा सहायता निधी आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. फ्लेक्स कुठे छापून मिळतो हे या घरांना लगेच कळते. अर्ज कुठे मिळतो ते कळायला दीड महिना जातो आणि तोवर वाडीचा सौदा झालेला असतो.

या गोंधळात एक वेगळीच जमात घुसली आहे. ‘स्टेम सेल’ हा शब्द तिने उचलला आणि विकायला काढला. स्वमग्न मुलाच्या, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या, स्नायू झिजत चाललेल्या मुलाच्या आई-बापांना फोन येतात, व्हिडिओ येतात. अमुक देशात चला, तमुक क्लिनिकात चार सिटिंग, लाखोंचे पॅकेज, राहणे-खाणे आत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्वच्छ आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे मज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी ठिकाणी मूळपेशींचा वापर करायचा तर रीतसर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, की समजा. प्रसूतिगृहात नाळेचे रक्त साठवून ठेवा म्हणून मागे लागणाऱ्यांबद्दलही थोडे : बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्याच नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. हे त्या गुळगुळीत पत्रकावर कुठे लिहिलेले आम्हाला तरी सापडलेले नाही.

थॅलेसेमियाचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. बोरिवलीच्या दिशेने जाणाऱ्या लेडीज डब्यात दर पंधरा-वीस दिवसांनी तीच आई, तेच मूल दिसेल. पिशवीत डबा, फाइल आणि लोह उतरवणाऱ्या गोळ्या. रक्त चढवायचे, लोह साठते म्हणून गोळ्या द्यायच्या, पुन्हा रक्त चढवायचे. भारतात दर वर्षी दहा हजारांच्या आसपास मुले हा आजार घेऊन जन्मतात. दर शंभरात तीन-चार जण वाहक, स्वतः ठणठणीत. दोन वाहकांचे लग्न झाले की प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. लग्नाआधीच्या एका साध्या रक्ततपासणीत हे कळते, निदान गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तरी कळावे. जव्हार-मोखाड्याकडे सिकलसेलचे तसेच. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तपासण्या होतात, कार्डे वाटली जातात. कार्ड हातात पडल्यावर त्याचा अर्थ वारली बोलीत कोण समजावून सांगतो, हे मात्र पाड्यावर जाऊन पाहावे. पत्रिका जुळवणाऱ्या भटजींनी आणि लग्नाआधी वधूवरांचे वर्ग घेणाऱ्या फादरांनी ही एक चिठ्ठी मागायला सुरुवात केली तर पुढच्या पिढीतल्या कितीतरी मुलांवर प्रत्यारोपणाची वेळच येणार नाही. मागतील का? पूर्वी रोटी-बेटीचे सगळे नियम यांनीच सांभाळले होते.

महापालिकेकडे आमचे मागणे मोठे नाही. प्रत्यारोपणाचे केंद्र उद्या उभारा असे आम्ही म्हणत नाही. पाण्याचा नळ ज्यांना देता येत नाही त्यांच्याकडे ते मागणे क्रूरपणाचे ठरेल. आपल्या एका रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस रक्तविकारांचा बाह्यरुग्ण विभाग चालू करा. तिथे काउंट तपासले जावेत, रक्त चढवता यावे, अर्ज भरून मिळावेत. म्हणजे निम्म्या वेळा तरी त्या आईची लोकलची फेरी वाचेल. आणि परत आलेल्या रुग्णाच्या घरी शंभर दिवस नळाचे पाणी पोहोचवा, टँकरचे नको. अशी घरे शहरात किती असतील? मोजायला एक वही पुरेल.

बाकीचे काम आपले, नागरिकांचे. वर्तक महाविद्यालय, गोन्सालो गार्सिया, विवा, विद्यावर्धिनी : अठरा ते पंचवीसची हजारो पोरे रोज या फाटकांतून आत-बाहेर करतात. गणपतीचे मांडव आहेत, चर्चच्या सणांची मैदाने आहेत, जीवदानीची जत्रा आहे. आणि दर वर्षी डिसेंबरात वसई-विरार मॅरेथॉन भरते. छातीवर लावायचा नंबर घ्यायला आदल्या दिवशी तरुण, निरोगी, बेचाळीस किलोमीटर पळायला निघालेली माणसे रांगेत उभी असतात. एकेकाला पिशवी मिळते, त्यात टी-शर्ट, बिस्किटाचा पुडा, प्रायोजकाचे कूपन. त्याच टेबलाला लागून आणखी एक टेबल टाकायचे. वर कापसाच्या काड्या, फॉर्म, दोन पेने. शेजारी टाटात शंभर दिवस काढून आलेली एखादी आई बसवायची, म्हणजे कण्याबद्दल विचारणाऱ्या आत्यांना उत्तर द्यायला कोणीतरी असेल.